तात्सुरो ऐकायचाय? आधी फोन पालथा ठेवा

सिटी पॉप, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं जपानी शहरी पॉप संगीत, म्हटलं की यूट्यूबवर काय उघडतं ते तुम्हाला माहीत आहे. जांभळं-गुलाबी आकाश, ताडाची झाडं, जुन्या कार्टूनमधली एक मुलगी खिडकीतून पाऊस बघतेय आणि तेच चार सेकंदांचं दृश्य तासभर गोल फिरतंय. खाली गाणी वाजत राहतात. बरं वाटतं, हातातलं काम उरकतं, कधी डोळाही लागतो. पण दोन आठवड्यांनी कुणी विचारलं की बाबा, कुठलं गाणं ऐकलंस, तर एकाचंही नाव सांगता येत नाही.

मीही त्याच दारातून आत आलो. त्यामुळे त्या दाराला नावं ठेवणार नाही. फक्त आत आल्यावर दारातच उभं राहू नये, एवढ्यासाठी हा लेख. आणि तो सगळ्या सिटी पॉपबद्दल नाही, एकाच माणसाबद्दल आहे: यामाशिता तात्सुरो. जन्म ४ फेब्रुवारी १९५३, तोक्योच्या इकेबुकुरो भागात. गातो, चाली बांधतो, गिटार वाजवतो, वाद्यवृंदाची मांडणी करतो आणि निर्मितीही स्वतःच बघतो. एकेरीत लिहितोय, कारण लताला आणि किशोरला आपण घरात एकेरीतच बोलावतो.

नावाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण शोधताना लागेल. जपानीत आडनाव आधी येतं. 'यामा' म्हणजे डोंगर, 'शिता' म्हणजे खाली. म्हणजे हे आपले डोंगराखालचे तात्सुरो. चाहते मात्र आडनाव सोडून सरळ 'तात्सुरो' म्हणतात, तेव्हा आपणही तेच करू.

ही गाणी चाळीस-पंचेचाळीस वर्षं का टिकली, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'त्या काळाची ओढ'. मला ते पटत नाही. १९८२ मध्ये, त्याचा 'फॉर यू' हा अल्बम आला तेव्हा, माझा जन्मही झाला नव्हता आणि तोक्यो मी आजवर पाहिलेलं नाही. मला कसली ओढ लागणार? माझं म्हणणं साधं आहे: ही गाणी बांधणीवर उभी आहेत. चांगल्या सुताराने केलेला पाट असतो ना, पन्नास वर्षांनीही डुगडुगत नाही, तसं. १९९१ च्या त्याच्या अल्बमचं नावच 'आर्टिझन' आहे. कलाकार म्हणवून घेण्यापेक्षा कारागीर म्हणवून घेणं त्याला आवडतं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एकाच कामासाठी आहेत: पाट उलटा करून सांधे कसे बसवलेत ते बघायचं.

पायरी १ : एकच गाणं, तीन वेळा

फोन पालथा ठेवा. चित्र बंद, फक्त आवाज. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन साधे असले तरी चालतील. गाणं: 'स्पार्कल'. 'फॉर यू' या अल्बमचं पहिलंच गाणं. त्याचा अधिकृत व्हिडिओ २०२३ मध्ये यूट्यूबवर आला, त्यामुळे हे शोधायला अडचण नाही.

पहिल्या खेपेला फक्त गिटार ऐका. सुरुवातीला दुसरं काहीच नाही, एकटी टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार. उजवा हात वर-खाली, वर-खाली, थांबतच नाही. डावा हात मात्र तारा दाबतो आणि लगेच सैल सोडतो. दाबल्या की सूर निघतो, सैल सोडल्या की नुसतं 'चक्' वाजतं. सूर आणि 'चक्' यांच्या विणीतून ती सुरुवातीची चमक येते. गिटारवाले याला कटिंग म्हणतात. तबल्यावर बंद बोल आणि खुला बोल यांच्यात जो खेळ असतो, त्याच जातीचा हा खेळ आहे. हे वाजवतोय तात्सुरो स्वतः. गायक म्हणून तो इतका मोठा आहे की तो जपानमधल्या उत्तम ऱ्हिदम गिटारवाल्यांपैकी एक आहे, हे लोकांच्या लक्षातच राहत नाही.

मग ड्रम पडतो आणि अख्खा ताफा एकदम आत येतो. पहिल्या खेपेला इथे अंगावर काटा आला तर येऊ द्या, पण लक्ष गिटारवरच ठेवा. ती गाणं संपेपर्यंत मागे चालूच असते.

दुसऱ्या खेपेला ड्रम आणि बास. ड्रमवर आओयामा जुन, बासवर इतो कोकी. ही जोडी १९८० च्या सुमाराला तात्सुरोकडे आली आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या संगीताचा कणा होती. आओयामा २०१३ मध्ये गेला. त्याचा ठोका जड आहे. गाणं धावतंय असं वाटतं, पण ड्रम अजिबात धावत नाही, पाय रोवून उभा आहे. सगळी घाई गिटारला आहे आणि सगळा धीर ड्रमला. ही गंमत एकदा कानाला लागली की बाकीची सिटी पॉप ऐकतानाही तुम्ही नकळत तीच शोधायला लागता. बऱ्याच ठिकाणी ती सापडत नाही, हेही तेव्हाच कळतं.

तिसऱ्या खेपेला गळा, ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकून वाजवायची पितळी वाद्यं) आणि मागचे आवाज. सुरुवातीचे शब्द 'नानात्सु नो उमि कारा', म्हणजे 'सात समुद्रांवरून'. शब्द योशिदा मिनाकोचे. ती स्वतः मोठी गायिका, आणि तात्सुरोच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या कित्येक गाण्यांचे शब्द तिचे आहेत. ओळ जिथे संपते तिथे ब्रास कसा उत्तर देतो ते बघा. गायकाने श्वास घेतला की ब्रास बोलतो, गायक बोलला की ब्रास गप्प. कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही.

एवढं झालं की पूर्ण अल्बम सलग ऐका. 'लव्हलँड, आयलंड' चुकवू नका. आणि कव्हर बघायला विसरू नका. ते सुझुकी एइजिनचं चित्र: निळंभोर आकाश, कडक ऊन, रेघोट्यांसारख्या धारदार सावल्या. म्हणजे भर दुपार! आज सिटी पॉप म्हटलं की निऑनची रात्र दाखवतात, पण या गाण्यांचा राजा-अल्बम टळटळीत उन्हातला आहे. त्यातही हे ऊन विकायला आलं २१ जानेवारी १९८२ ला, तोक्योच्या ऐन थंडीत.

पायरी २ : नाव झालं ते गाणं

'राइड ऑन टाइम', मे १९८०. त्याआधी चार वर्षं तात्सुरो एकल गायक म्हणून रेकॉर्ड काढत होता. जाणकार मान डोलवत होते, पण विक्री बेताचीच होती. हे गाणं मॅक्सेलच्या कॅसेटच्या जाहिरातीत वाजलं आणि जाहिरातीत तो स्वतःही दिसला, समुद्रात उभा राहून समोर बोट रोखणारा, लांब केसांचा तरुण. गाणं ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या विक्रीच्या, यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि त्याच वर्षी आलेला त्याच नावाचा अल्बम थेट पहिल्यावर गेला.

कॅसेटची जाहिरात ही इथे नुसती माहिती म्हणून सांगत नाही. आदल्या वर्षी, जुलै १९७९ मध्ये, सोनीचा वॉकमन आला होता. गाड्यांमध्ये टेप बसायला लागले होते. लोक रेकॉर्ड आणून, एफएमवरून उतरवून कोऱ्या कॅसेटी भरत होते. आपल्याकडेही घराघरांत हा उद्योग चालायचा, मावशीच्या कपाटात निवडक गाण्यांच्या कॅसेटी असायच्याच. गाणं बैठकीच्या खोलीतून उठून रस्त्यावर निघालं होतं. चालत्या माणसाला, चालत्या गाडीला पुरेल असं संगीत हवं होतं: इंजिनाच्या घरघरीतही ऐकू येईल असा ठोका, वारा कापत जाईल असा गळा. ते तात्सुरोकडे आयतं तयार होतं. काळ त्याच्याकडे चालत आला, असंच म्हणायला हवं.

शब्दांबद्दल एक निरीक्षण. जपानीत जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वरान्त असतं, त्यामुळे ओळ पाण्यासारखी वाहते. मग अचानक मधोमध इंग्रजी शब्द येतो, त्यातली व्यंजनं टणकन वाजतात, आणि नेमका तिथेच ड्रमही पडतो. इंग्रजी तोडकं आहे म्हणून हसणारे हसतात. मला वाटतं, त्या शब्दांना अर्थापेक्षा वाद्यासारखं वापरलंय.

पायरी ३ : आता मागे चला

नवख्याला आपण सहसा म्हणतो की सुरुवातीपासून ऐक. मी मुद्दाम तसं म्हटलं नाही. १९७५ चा पहिला अल्बम आधी लावलात तर 'छान आहे, जुनं आहे' म्हणून पुढे जाल. 'फॉर यू' कानात बसल्यावर तोच अल्बम लावा, मग त्यात बी दिसतं.

तो अल्बम तात्सुरोच्या पहिल्या बँडचा, नाव शुगर बेब. १९७३ मध्ये सुरू झाला, १९७६ मध्ये फुटला. त्यात तात्सुरोबरोबर ओनुकी ताएको होती, जी पुढे स्वतःच्या बळावर मोठी झाली. एकच अल्बम काढला, 'साँग्ज', एप्रिल १९७५. संगीतकार ओताकी एइचीच्या नायगारा या लेबलवरची ती पहिली रेकॉर्ड. वितरण करणारी कंपनी लवकरच बुडाली. त्या काळी जपानी तरुणांच्या संगीतात एकीकडे गिटार घेऊन आपबीती सांगणारे, दुसरीकडे ढणाढणा रॉकवाले. बीच बॉइज हा अमेरिकन बँड आणि न्यूयॉर्कच्या गोड गळ्यांच्या टोळ्या ऐकून वाढलेल्या या पोरांना धड कुठेच जागा नव्हती. 'डाउनटाउन' ऐका. शनिवारच्या संध्याकाळी शहरात निघालेलं गाणं आहे. ते खऱ्या अर्थाने घराघरांत पोहोचलं ते पाच-सहा वर्षांनी, एपो नावाच्या गायिकेने ते पुन्हा गायल्यावर आणि एका विनोदी टीव्ही कार्यक्रमाच्या शेवटी वाजल्यावर.

बँड फुटल्यावर पठ्ठ्या अमेरिकेला गेला. पहिला एकल अल्बम 'सर्कस टाउन' (१९७६) अर्धा न्यूयॉर्कमध्ये, अर्धा लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्ड झाला. न्यूयॉर्कच्या बाजूची मांडणी चार्ली कॅलेलोची. फोर सीझन्स या अमेरिकन गायकगटाच्या गाण्यांची मांडणी करणारा हाच माणूस, आणि तात्सुरो त्या गाण्यांवर जीव टाकायचा. तेवीस वर्षांचा मुलगा, आपल्या दैवताच्या मांडणीकाराशेजारी उभा राहून काम कसं चालतं ते बघतोय. तिथून 'विंडी लेडी' घ्या.

'स्पेसी' (१९७७) माझा सगळ्यात लाडका. वाजवणारे बघा: बासवर होसोनो हारुओमी, ड्रमवर मुराकामी 'पोंता' शुइची, आणि कळफलकांवर इतरांबरोबर साकामोतो र्‍यूइचीही. होसोनो आणि साकामोतो यांनी पुढच्याच वर्षी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा काढला आणि जगाला संगणकी संगीत शिकवलं. इथे मात्र ते मानेने ताल धरून दुसऱ्याच्या गाण्यात वाजवतायत. 'लव्ह स्पेस' आणि 'सॉलिड स्लायडर' ही दोन तरी ऐकाच.

'गो अहेड!' (१९७८) मधलं 'बॉम्बर' हे गाणं सिंगलच्या बी बाजूला टाकलं होतं. ओसाकाच्या डिस्कोंनी रेकॉर्ड उलटी केली. ए बाजूला होतं 'लेट्स डान्स बेबी'. त्याच्याकडे शेवटी येऊ.

पायरी ४ : एकट्याचं भजनी मंडळ

'ऑन द स्ट्रीट कॉर्नर' (१९८०) हा अल्बम पहिल्यांदा लावाल तेव्हा वाटेल पाच-सहा जण गातायत. कुणी खालचा 'डूम डूम' धरलाय, कुणी मधले सूर, कुणी वर झुलतोय. सगळे आवाज एकाच माणसाचे. पन्नाशीच्या दशकातली अमेरिकन डू-वॉप गाणी, टेपवर एकावर एक आवाज चढवत एकट्याने गायलेली. आपल्या गावच्या भजनी मंडळात बुवा, टाळकरी, मागचे झीलकरी असे सगळे एकच जण असते तर कसं झालं असतं, ते इथे ऐकायला मिळतं.

सगळा अल्बम पचेलच असं नाही. मला स्वतःला एका बैठकीत चार गाण्यांपलीकडे जात नाही. पण ही पायरी गाळू नका, कारण पुढचं गाणं तिच्यावरच उभं आहे.

ते गाणं म्हणजे 'ख्रिसमस इव्ह', १९८३ च्या 'मेलोडीज' या अल्बममधलं. जपानमध्ये दर डिसेंबरला ते दुकानांतून वाजतं, आणि म्हणून लोक त्याला आनंदाचं गाणं समजतात. नाही. पाऊस पडतोय, रात्री उशिरा त्याचा बर्फ होईल, आणि ज्या व्यक्तीची वाट बघतोय ती येणार नाही, हे गाणाऱ्याला माहीत आहे. एवढंच गाणं. बोलायचं ठरवलेलं बोलता आलं नाही, याची चुटपुट. त्यात आरडाओरड नाही, गळा काढणं नाही.

मग मधोमध वाद्यं मागे सरतात आणि जुना जर्मन संगीतकार पाखेलबेल याचा 'कॅनन' सुरू होतो, पण व्हायोलिनवर नाही, गळ्यावर. एक आवाज, त्याच्या मागून दुसरा, त्याच्या मागून तिसरा, एकमेकांचा पाठलाग करत चढत जातात, आणि ते सगळे तोच. कॅननमध्ये एक जण पुढे जातो, दुसरा त्याच्या मागून तेच म्हणत येतो, दोघं एका जागी कधी भेटत नाहीत. न येणाऱ्या माणसाच्या गाण्यात हीच रचना का घातली असेल? हे त्याने ठरवून केलं की नुसतं कानाला गोड लागलं म्हणून, यावर माझं आणि एका मित्राचं अजून भांडण आहे. माझ्या मते कारागीर माणूस असं काही चुकून करत नाही.

गाणं आलं तेव्हा फार गाजलं नव्हतं. १९८८ मध्ये जेआर तोकाई या रेल्वे कंपनीने ते शिंकानसेन या बुलेट ट्रेनच्या नाताळच्या जाहिरातीत घेतलं. दुसऱ्या वर्षीच्या जाहिरातीत भेटवस्तू छातीशी धरून एक मुलगी नागोया स्टेशनात धावत येते आणि तो दिसताच खांबाआड लपते. म्हणजे गाण्यात येत नाही ते माणूस जाहिरातीत आलं! डिसेंबर १९८९ मध्ये, निघाल्यावर सहा वर्षांनी, गाणं पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. १९८६ पासून दरवर्षी डिसेंबर आला की ते पहिल्या शंभरात परततच राहिलं. सलग तीस वर्षांच्या या येण्याची २०१६ मध्ये गिनीज बुकाने नोंद केली.

पायरी ५ : 'प्लास्टिक लव्ह' तुम्ही ऐकलेलंच आहे

बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. २०१७ मध्ये कुणीतरी यूट्यूबवर टाकलं आणि यूट्यूब ते जगातल्या प्रत्येकाला सुचवत सुटलं. गाणं ताकेउची मारियाचं, १९८४ च्या 'व्हरायटी' अल्बममधलं. मारिया म्हणजे तात्सुरोची बायको, लग्न १९८२ चं. शब्द आणि चाल तिची, मांडणी आणि निर्मिती त्याची.

आता पहिल्या पायरीवरचे कान घेऊन ते पुन्हा ऐका. तीच कटिंग गिटार, तोच जड ड्रम, बासही ओळखीचा. चित्रातल्या हसऱ्या मुलीमुळे गाजलं असं म्हणतात. गंमत म्हणजे तो फोटो या गाण्याचा नव्हताच, मारियाच्या दुसऱ्या एका सिंगलचा होता.

पायरी ६ : शब्द कळत नाहीत त्याचं काय?

काही बिघडत नाही. पण मराठी माणसाला इथे एक सवलत आहे, ती सोडू नका. जपानी अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटलं ना? संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून हा क्रम तिकडे गेला. त्यामुळे जपानी उच्चार देवनागरीत जवळजवळ जसेच्या तसे उतरतात. रोमन अक्षरांत लिहिलेले गाण्याचे बोल शोधायचे आणि वहीत देवनागरीत उतरवायचे, मग गाण्याबरोबर म्हणायचे. पुण्यात जपानीचा वर्ग केला तेव्हा मी व्याकरणापेक्षा या वहीतून जास्त शिकलो. 'आमे' म्हणजे पाऊस, 'युकी' म्हणजे बर्फ, 'नात्सु' म्हणजे उन्हाळा, 'उमि' म्हणजे समुद्र. एवढ्या चार शब्दांवर तात्सुरोची निम्मी गाणी कुठल्या ऋतूतली आहेत ते कळतं. तोक्योतल्या उन्हाळ्यावर या माणसाचं जेवढं प्रेम, तेवढं आपल्या वैशाखावर आपण कुणी करणार नाही.

पायरी ७ : ऐकायचं कुठे, घ्यायचं कसं

इथे मात्र तात्सुरो त्रास देतो. गाणी महिन्याच्या वर्गणीवर ऐकवणाऱ्या ॲपना त्याचा विरोध आहे, आणि मरेपर्यंत बहुधा तिकडे जाणार नाही अशा अर्थाचं तो २०२२ मध्ये मुलाखतीत बोलला होता. त्यामुळे ॲपवर त्याचं नाव टाकून पुढे सगळे अल्बम ओळीने येतील अशी अपेक्षा धरू नका. मारियाची गाणी तिथे बऱ्यापैकी सापडतात, त्यात त्याचंच काम ऐकू येतं. यूट्यूबवर 'स्पार्कल' आणि 'ख्रिसमस इव्ह' यांसारखी मोजकी गाणी अधिकृतपणे आहेत. बाकी बरंचसं चोरून टाकलेलं असतं, आज आहे, उद्या नाही.

म्हणून कधीतरी सीडी घ्यावी लागते. एकच घेणार असाल तर 'ओपस', २०१२ मध्ये आलेला निवडक गाण्यांचा संच, तीन सीडींत ४९ गाणी, शुगर बेबपासून पुढची. अल्बम म्हणून घ्यायचा असेल तर 'फॉर यू'. १९७६ ते १९८२ मधल्या अल्बमांच्या सीडी २००२ मध्ये नव्याने तयार केल्या गेल्या, त्या आवाजाला उत्तम आहेत. २०२३ मध्ये तेच अल्बम पुन्हा एलपी आणि कॅसेटवर आले. हो, कॅसेटवरही. जुन्या मूळ एलपीच्या मागे नवख्याने लागू नये. किमती चढलेल्या आहेत, आणि जपानहून टपालखर्च आणि इथला कर धरला की वस्तूपेक्षा वाहतूक महाग पडते. तोक्योहून येणारा भाचा किंवा ऑफिसमधलं कुणी असेल तर त्याच्या बॅगेतली सीडीएवढी जागा आधीच सांगून ठेवा.

वापरलेली सीडी ऑनलाइन घेताना एक पथ्य. मी पहिली 'मेलोडीज' मागवली ती अशीच, परदेशातल्या एका विक्रेत्याकडून. तीन आठवडे वाट बघितली. पाकीट उघडलं, कव्हर बरोबर, आतली पुस्तिका बरोबर, वरची कागदी पट्टीसुद्धा जागेवर. सीडी लावली तर कोयर! लहान मुलांची नाताळची गाणी. डबा एकाचा, तबकडी दुसऱ्याची. पैसे परत मिळायला दीड महिना गेला. तेव्हा विक्रेत्याकडून फक्त कव्हरचा नाही, तबकडीचाही फोटो मागून घ्या.

त्या कागदी पट्टीला 'ओबी' म्हणतात. ओवी नव्हे, ओबी. किमोनोच्या कमरपट्ट्याचं नाव. एलपी-सीडीच्या कडेला गुंडाळलेली ही पट्टी असली तर भाव वाढतो, नसली तर उतरतो. गाण्याला तिच्यामुळे काही फरक पडत नाही. ऐकायला घेत असाल तर ओबी नसलेली घ्या आणि उरलेल्या पैशांत दुसरी सीडी घ्या.

नंतरसाठी ठेवा

१९८६ च्या 'पॉकेट म्युझिक'पासून रेकॉर्डिंग डिजिटल झालं आणि त्याचा आवाज बदलला. माझ्या कानाला तो काळ जरा पातळ लागतो, नव्या यंत्रांशी त्याचंही बराच काळ जमत नव्हतं. गाणी मात्र चांगली आहेत, वर्षभराने या. १९९८ च्या 'कोझी'मधलं 'फ्रॅजाइल' शोधा. टायलर, द क्रिएटर या अमेरिकन रॅपरने २०१९ मध्ये त्याची धून आपल्या गाण्यात घेतली, दोन्ही शेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत. अॅनिमेशन बघणाऱ्यांनी 'समर वॉर्स' (२००९) पाहिलाच असेल, शेवटी गातो तो हाच. आणि २०२२ चा 'सॉफ्टली' एकदा ऐका, नुसतं एवढ्यासाठी की एकोणसत्तराव्या वर्षी गळा असा राहू शकतो.

जपानात राहणाऱ्यांसाठी आणखी एक: रविवारी दुपारी दोन वाजता तोक्यो एफएमवर त्याचा 'संडे साँगबुक' लागतो. १९९२ पासून हा कार्यक्रम चालू आहे, तेव्हा तो शनिवारी असायचा. स्वतःच्या संग्रहातल्या जुन्या रेकॉर्ड काढतो, रेडिओवर नीट वाजाव्यात म्हणून त्यांचा आवाज स्वतः दुरुस्त करतो आणि मग त्यांच्याबद्दल बोलतो. आपल्याकडे तेव्हा साडेदहा वाजलेले असतात, पोह्यांची वेळ. पण तिथलं रेडिओचं ॲप जपानबाहेर चालत नाही, त्यामुळे माझे पोहे तात्सुरोविनाच होतात.

तिकडे राहत असाल तर कार्यक्रमालाही जा. तिकीट मिळणं अवघड, दारात ओळखपत्र तपासतात, कारण तिकिटांचा काळाबाजार त्याला खपत नाही. मोठाली स्टेडियमं तो घेत नाही. दोनेक हजार खुर्च्यांचं सभागृह, आपलं नाट्यगृह दुप्पट केलं तर होईल एवढं, आणि तीन तासांहून जास्त गाणं. 'लेट्स डान्स बेबी' आलं की सावध बसा. त्यात बोटांची पिस्तूल करून काळजावर रोखण्याची एक ओळ आहे. नेमक्या त्या शब्दाला जुने चाहते पिशवीतून कागदी फटाके काढून एकदम उडवतात, धडाधड, सभागृहभर, आणि वरून रंगीत झिरमिळ्या पडतात. आणि कधीतरी तो माइक बाजूला सारतो, पुढे येतो आणि नुसत्या गळ्याने गातो. तेव्हा शेवटच्या रांगेतलेही श्वास रोखून बसतात, आणि त्यांना ऐकू येतं.